व्हायोला: मासेमारीच्या बोटीचं महायुद्ध आणि त्यानंतरचं लांबलचक आयुष्य

किनारपट्टी

दक्षिण अटलांटिकमध्ये दक्षिण जॉर्जिया नावाचं बेट आहे. तिथलं ग्रिटविकेन म्हणजे देवमाशांच्या तेलाचा जुना, आता बंद पडलेला कारखाना. अर्नेस्ट शॅकल्टनची कबर इथेच आहे, त्यामुळे अंटार्क्टिकाला जाणाऱ्या क्रूझ हमखास थांबतात. कारखान्याच्या किनाऱ्याला तीन गंजलेल्या बोटी टेकून उभ्या आहेत: पेट्रेल, अल्बाट्रॉस आणि डियास. लोक तिन्हींचे फोटो काढतात, खाली 'देवमाशांच्या शिकारीच्या बोटी' असं लिहितात आणि पेंग्विनकडे वळतात.

यातल्या डियासचं मूळ नाव व्हायोला. ही इंग्लंडमधल्या हल बंदराची, मासे पकडणारी वाफेची ट्रॉलर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ताब्यात घेतली, तिच्याकडून पाणसुरुंग साफ करून घेतले, पाणबुड्यांच्या मागे पिटाळली. युद्ध संपलं, पण ती हलला कधीच परतली नाही. तिच्या बरोबरीच्या बोटी केव्हाच भंगारात गेल्या. ही मात्र इंजिनासकट शिल्लक आहे.

१९०६ साली बेव्हर्लीच्या कुक, वेल्टन अँड जेमेल यार्डात ती बांधली. बेव्हर्लीला समुद्र नाही, चिंचोळी नदी आहे. त्यामुळे तिथे बोट नेहमीसारखी पाठमोरी पाण्यात सोडता येत नसे, आडवी ढकलायचे. सगळी बोट एका कुशीवर धाडकन नदीत आपटायची, समोरच्या काठावर लाट चढायची आणि मग बोट डुलत डुलत सरळ व्हायची. तिथून ओढून हलला न्यायची आणि इंजिन बसवायचं. मालक हेलियर कंपनी. यांना शेक्सपिअरचं भारी वेड, बोटींना त्याच्या पात्रांची नावं. मासळीच्या वासाने भरलेल्या गोदीत ऑथेल्लो आणि व्हायोला शेजारी शेजारी बांधलेल्या असणार, कल्पना करा.

व्हायोला 'बॉक्सिंग फ्लीट'मध्ये होती. डझनावारी ट्रॉलर उत्तर समुद्रात आठवडेच्या आठवडे एकत्र राहायच्या. रोजची मासळी पेट्यांत भरायची, पेट्या वल्ह्याच्या होडीत उतरवायच्या आणि भर समुद्रात, लाटा असोत नसोत, वल्हवत वेगवान वाहतूक बोटीपर्यंत न्यायच्या. ती बोट पेट्या घेऊन थेट लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराला. या होड्या उलटून किती पोरं बुडाली असतील त्याला गणती नाही. यांना समुद्राची भीती घालायला युद्धाची गरज नव्हती.

तरी गोळीबाराचीही ओळख आधीच झाली होती. ऑक्टोबर १९०४ मध्ये जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमाराने डॉगर बँकवर रात्री हलच्याच मासेमारी ताफ्यावर तोफा डागल्या. मच्छीमारांच्या बोटी त्यांना जपानी टॉर्पेडो बोटी वाटल्या, उत्तर समुद्रात! क्रेन नावाची ट्रॉलर बुडाली, माणसं मेली.

त्याच रशिया-जपान युद्धात पाणसुरुंगांनी दोन्ही बाजूंच्या मोठमोठ्या युद्धनौका गिळल्या. रशियाची पेट्रोपाव्हलोव्स्क अ‍ॅडमिरल माकारोव्हसकट गेली. जपानच्या हात्सुसे आणि याशिमा एकाच दिवशी गेल्या. ब्रिटिश नौदल जागं झालं. १९०७ मध्ये अ‍ॅडमिरल बेरेसफर्डने ग्रिम्सबीच्या ट्रॉलर पाहून सुचवलं की सुरुंग काढायचं काम यांनाच द्या. १९१० मध्ये नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलरचा स्वतंत्र विभाग निघाला. बोटीच्या कप्तानाला हुद्दाही 'स्किपर' हाच दिला.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि दोनच दिवसांनी ६ ऑगस्टला अ‍ॅम्फियन ही ब्रिटिश क्रूझर जर्मन सुरुंगावर फुटली. ऑक्टोबरात ऑडेशियससारखी नवीकोरी महाकाय युद्धनौका आयर्लंडच्या उत्तरेला एका सुरुंगाने बुडवली. सप्टेंबरमध्येच व्हायोला सरकारजमा झाली होती. आधी शेटलंडला पहाऱ्यावर, १९१६ पासून टाइन नदीच्या मुखाशी. डेकवर तोफ बसली. माणसं बहुतेक तीच, मासेमारीतली.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा इथेच संपायचा.

---

पागोळी

मस्त लिहिलंय, पण एक कळलं नाही. एवढं मोठं ब्रिटिश नौदल, त्यांना सुरुंग काढायला कोळ्यांच्या बोटी का लागाव्यात? आणि काढायचे म्हणजे नेमकं काय करायचे?

---

किनारपट्टी

@पागोळी, हाच तर सगळा गाभा आहे.

त्या काळचा सुरुंग म्हणजे स्फोटकाने भरलेला लोखंडी गोळा. तळाशी जड नांगर, वर तारेने बांधलेला गोळा, पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगता. अंगावर शिशाची शिंगं. प्रत्येक शिंगात आम्लाने भरलेली काचेची नळी. जहाज धडकलं की मऊ शिसं वाकतं, नळी फुटते, आम्ल खाली उतरून तिथल्या तिथे विजेची घटमाला तयार होते आणि स्फोट. आत घड्याळ नाही की बॅटरी नाही, त्यामुळे वर्षभर पाण्यात पडला तरी बिघडत नाही.

उपाय काय? दोन ट्रॉलर समांतर चालवायच्या, मध्ये काहीशे मीटर अंतर. दोघींच्या मधून पोलादी तार ओढायची. तार ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून दोन्ही टोकांना लाकडी, लोखंडाने मढवलेला जड 'पतंग' लावायचा. तो पाण्यात उलटा उडतो, म्हणजे खाली ओढतो. तार सुरुंगाच्या दोरखंडाला अडकते, घासत घासत तो कापते, सुरुंग वर येतो. मग मागची बोट त्याच्यावर रायफलीने गोळ्या घालते. कधी तो फुटतो, कधी नुसती भोकं पडून बुडतो.

आता बघा, जाडजूड तार, ती ओढायला ताकदीचं वाफेचं विंच, हळू पण दमदार इंजिन, आणि तारेवर हात ठेवून खाली काय चाललंय ते ओळखणारी माणसं. नौदलाच्या विनाशिकेवर यातलं काहीच नव्हतं. ट्रॉलरवर सगळं आयतं होतं.

अडचण एकच होती, पण जिवावरची. ट्रॉलर पाण्यात खोल बसते. त्यामुळे काम भरतीच्या सुमारास करायचं, सुरुंग तळाखाली खोल राहतील अशा बेताने. ओहोटीला सुरुंग वर येतात आणि तारेत सापडायच्या आधी बोटीलाच सापडतात. युद्धभरात सुरुंग काढताना दोनशेच्या वर बोटी गेल्या. बहुतेक वेळा काही सेकंदांत, कारण छोट्या बोटीखाली तेवढा मोठा स्फोट झाला की पोहायला उडी मारायलाही सवड नसते.

---

हर्णैकर

ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरची ट्रॉलर होती, आता भावाकडे आहे.

तारेवर हात ठेवून कळतं हे शंभर टक्के खरं. जाळं खडकाला लागलं की तार वेगळी थरथरते, चिखलात रुतलं की वेगळी. जुना तांडेल केबिनमध्ये चहा पीत बसलेला असला तरी विंचच्या आवाजावरून ओरडतो, "इंजिन बारीक कर रे!" खलाशाला तोवर काहीच कळलेलं नसतं. आता त्या तारेच्या टोकाला खडकाऐवजी सुरुंग आहे म्हटल्यावर ती थरथर कशी वाटत असेल, देव जाणे.

एक विचारायचं होतं. आम्ही जाळ्याची जागा दाखवायला बांबूला बावटा लावून बोया सोडतो. साफ केलेली वाट दाखवायला त्यांनी काय केलं? समुद्रात रेघ तर मारता येत नाही.

---

किनारपट्टी

@हर्णैकर, अगदी तुमचाच बांबू! साफ झालेल्या पट्ट्याच्या कडेने तरंगत्या काठ्या सोडायचे, वर झेंडा. हीसुद्धा मच्छीमारांचीच चीज. पुढे नुसत्या ह्या काठ्या सोडणाऱ्या वेगळ्या बोटीच ठेवल्या. त्या झेंड्यांच्या मधून कोळशाची, धान्याची जहाजं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याने ये-जा करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पट्टा साफ करायचा, कारण रात्रीतून जर्मन पाणबुडी येऊन नवे सुरुंग टाकून गेलेली असणार. झाडलोट एकदा करून संपत नाही, तसंच हे.

युद्धानंतर एकाच बोटीने ओढायची सुरुंगजाळी रूढ झाली. तिचा प्रयोग ज्या ट्रॉलरवर झाला तिचं नाव ओरोपेसा, म्हणून त्या जाळीलाही तेच नाव. त्यात तार बाजूला फाकवायला ज्या फळ्या लावतात, त्या म्हणजे तुमच्या ट्रॉल जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारे बोर्डच.

---

चौकस

लेख रंजक आहे, पण 'पाणबुड्यांच्या मागे पिटाळली' या वाक्याला जरा पुरावा हवा. पहिल्या महायुद्धात प्रत्येक बोटीने दोन-दोन पाणबुड्या बुडवल्याचे दावे आहेत. तेलाचा तवंग दिसला की 'बुडाली' म्हणून नोंद. मच्छीमार बोटीचा वेग किती, पाणबुडीचा किती?

---

किनारपट्टी

@चौकस, शंका रास्त आहे. म्हणूनच व्हायोलाने एकटीने पाणबुडी बुडवली असं मी म्हणणार नाही. दोन प्रसंगांत तिचा वाटा होता, आणि दोन्हींत पाणबुडी खरोखरच परतली नाही.

पहिला १३ ऑगस्ट १९१८ चा, व्हिटबीजवळ. यूबी-३० ही जर्मन पाणबुडी. जॉन गिलमन नावाच्या ट्रॉलरला ती दिसली. ट्रॉलर सरळ तिच्या अंगावर गेली, धडक दिली आणि वर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब, टाकले. पाणबुडी खाली गेली, पण मेली नव्हती. काही वेळाने पुन्हा वर येऊ लागली तेव्हा आसपासच्या इतर ट्रॉलरही जमल्या होत्या, त्यांत व्हायोला होती. सगळ्यांनी मिळून डेप्थ चार्जचा मारा केला. पाणबुडीवरचे सगळेच्या सगळे २६ जण गेले.

दुसरा २९ सप्टेंबरचा, नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यालगत. यूबी-११५. इथे गंमत अशी की आधी वरून आर-२९ या हवाई जहाजाने, म्हणजे त्या काळच्या भल्यामोठ्या सिगारच्या आकाराच्या फुग्याने, पाण्यावर तेल पाहिलं. त्याने खूण दाखवली, खाली ऊझ आणि स्टार या विनाशिका आणि ट्रॉलरचा घोळका आला, व्हायोला त्यातच. पाणबुडीवरचे ३९ जण, एकही वाचला नाही.

वेगाचं म्हणाल तर पाण्याखाली पाणबुडीही रखडतच चालायची आणि तिची बॅटरी संपायची. ट्रॉलर हळू असली तरी जागा सोडत नव्हती. एकटीदुकटी बोट काही करू शकत नसे. दहा जणींनी मिळून समुद्राचा तुकडा अडवून धरला की पाणबुडीला वर यावंच लागे. कोण्या एकीला श्रेय द्यायचा मला तरी मोह नाही.

---

साबुदाणा

सगळं छान, पण ब्रिटिशांच्या बोटी, जर्मनांचे सुरुंग. आपला काय संबंध? मराठी संस्थळावर हल बंदराचं कौतुक कशाला?

---

गोदीकर

@साबुदाणा, संबंध आहे, आणि तो मुंबईच्या दारात आहे.

जर्मनीचं वोल्फ नावाचं जहाज नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीला कीलहून निघालं. वरून साधं मालवाहू, आत लपवलेल्या तोफा, एक छोटं विमान आणि ४६५ सुरुंग. आधी केप ऑफ गुड होप, मग कोलंबो, मग फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवर सुरुंग पेरून ते सटकलं. सुरुंग गप्प पडून राहिले. जून उजाडला तशी एकामागून एक जहाजं त्यांवर आपटायला लागली. सिटी ऑफ एक्झेटर जखमी झालं, क्रॉक्स्टेथ हॉल बुडालं. २३ जून १९१७ ला पी अँड ओ कंपनीचं मंगोलिया हे टपालाचं आणि उतारूंचं मोठं जहाज मुंबईजवळ येता येता गेलं. पेरणारा वोल्फ तेव्हा पार न्यूझीलंडच्या बाजूला पोचला होता. तो फेब्रुवारी १९१८ मध्ये सुखरूप घरी परतला, ४५१ दिवसांनी.

पी अँड ओच्या जहाजांवर कोळसा कोण मारत होतं? डेक कोण धूत होतं? आपल्या रत्नागिरीकडचे किती खलाशी त्या काळी या कंपन्यांत होते हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होमच्या आवारात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचं स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर, अशांची नावं. लोकलच्या गर्दीत तिथून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजण आत गेले असतील?

सुरुंग झेंडा बघून फुटत नाही. संबंध विचारण्याआधी तेवढं बघावं.

---

साबुदाणा

मान्य. मंगोलियाचं ठाऊक नव्हतं. स्मारकाला जाऊन येतो.

---

पांढरापोशाख

नौदलातून निवृत्त आहे, त्यामुळे थोडं आजचं.

व्हायोलाच्या काळचे सुरुंग टक्कर झाली तरच फुटणारे, म्हणून पोलादी ट्रॉलर चालून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी चुंबकीय सुरुंग आणले. जहाजाचं पोलाद जवळून गेलं की बास. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग टेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात पडलेला सापडला. ओहोटी होती, म्हणून उघडा पडला. जॉन औव्हरी या अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह तो हाताने खोलून निकामी केला. चुंबकावर चालतो हे कळल्यावर उतारा सापडला: जहाजाभोवती विजेच्या तारांचं वेटोळं घालून त्याचं चुंबकत्व मारायचं. त्याही युद्धात ट्रॉलर होत्याच. त्यांचं मुख्यालय लोस्टॉफ्टला एका बागेत होतं. तिथल्या स्मारकावर २,३८५ नावं आहेत.

आपल्याकडे आयएनएस कोझिकोड २०१९ मध्ये निवृत्त झाली आणि नौदलाकडे खास सुरुंगविरोधी जहाज उरलं नाही. सुरुंग स्वस्त आहे, कोणीही टाकू शकतो. काढणं महाग आणि वेळखाऊ. विमानवाहू नौकेचे फोटो पेपरात येतात, माइनस्वीपरचे कोण छापणार? या विषयावर चार लोक तरी वाचतायत हे बघून बरं वाटलं.

---

पागोळी

पण ती दक्षिण जॉर्जियाला पोचली कशी ते राहिलंच की!

---

किनारपट्टी

थोडक्यात सांगतो. युद्धानंतर नॉर्वेला विकली गेली, नाव झालं कापदुएन. मग देवमाशांच्या शिकारीसाठी फेरफार होऊन डियास. १९२७ मध्ये ग्रिटविकेन चालवणाऱ्या अर्जेंटिनी कंपनीने घेतली. तिथे तिचं काम सीलच्या शिकारीचं. एलिफंट सील नावाचे टनावारी वजनाचे प्राणी मारून तेल काढायचे. वाचायला बरं वाटत नाही, पण होतं ते असं. सोबत किरकोळ कामंही: १९२८ मध्ये कोल-लार्सन या जर्मन संशोधकाच्या मोहिमेला बेटाभोवती फिरवलं, लॉरी बेटावरच्या अर्जेंटिनी हवामान केंद्राला माणसं आणि सामान पोचवलं. साठच्या दशकाच्या मध्याला कारखाना बंद पडला आणि बोट धक्क्यालाच बांधून ठेवली. १९७४ मध्ये उभ्या जागी बुडाली.

आणि आता माझा आवडता भाग. मार्च १९८२ मध्ये भंगार न्यायला आलेले अर्जेंटिनाचे कामगार याच बेटावर, लीथ हार्बरला उतरले. त्यांनी झेंडा लावला आणि फॉकलंडचं युद्ध पेटायला ते एक निमित्त झालं. २५ एप्रिलला अर्जेंटिनाची सांता फे ही पाणबुडी ब्रिटिश हेलिकॉप्टरांच्या माऱ्यात जायबंदी झाली आणि किंग एडवर्ड पॉइंटच्या धक्क्याला कशीबशी येऊन टेकली. ग्रिटविकेनपासून चालत जाण्याइतकं अंतर. म्हणजे १९१८ मध्ये पाणबुड्यांच्या मागे लागलेली ट्रॉलर अर्धी पाण्यात बुडून पडलेली, आणि ६४ वर्षांनी जखमी पाणबुडी आपणहून तिच्या शेजारी! कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

२००४ मध्ये कारखान्याची साफसफाई करताना तिला पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर टेकवलं. हलमध्ये तिला परत न्यायची चळवळ चालू आहे, त्यासाठी विश्वस्त संस्थाही स्थापन झाली. माझं मत विचाराल तर न्यावं. हलची ती बोट आहे, युद्धाआधी त्या बंदरात अशा शेकडो बोटी होत्या आणि आज दाखवायला एक नाही.

---

इंजिनरूम

न्यावं या मताला माझा विरोध.

जहाजांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. तीस वर्षं पाण्यात राहिलेला पत्रा बाहेर काढला की खरी गंजायला सुरुवात तेव्हा होते. पाण्याच्या रेषेपाशी पत्रा सगळ्यात आधी जातो, हातोडी मारली की पापुद्रे निघतात. रिव्हेट बदलायचे म्हटलं तर ते काम येणारी माणसं शोधावी लागतील. शेवटी नवा पत्रा जोडत जोडत बोट नवीच व्हायची. इंजिन तेवढं उचलावं. तिप्पट प्रसरणाचं वाफेचं इंजिन आहे, तीच वाफ आधी छोट्या, मग मधल्या, मग मोठ्या सिलिंडरमध्ये काम करते. बेअरिंगांवर तेल-ग्रीस राहिलं असेल तर आतून अजून धड असू शकतं. ते संग्रहालयात ठेवा, मुलांना हाताने फिरवून दाखवा. सांगाडा तिथेच राहू द्या. त्या बोटीची जास्त वर्षं हलमध्ये गेली नाहीत, दक्षिणेत गेली.

---

किनारपट्टी

@इंजिनरूम, इंजिन काढलं तर व्हायोलाचं वेगळेपणच जाईल. नुसते सांगाडे जगात बरेच आहेत. इंजिन जिथे बसवलं होतं तिथेच आहे, म्हणून तर ही बोट महत्त्वाची. वाहून नेणाऱ्या मोठ्या जहाजावर अख्खी चढवून न्यायची, पाण्यात सोडायची नाही, असा विचार आहे. पत्र्याबद्दल तुमचं पटतं, पण छपराखाली कोरड्यात ठेवली तर?

---

इंजिनरूम

छपराखाली, हवा कोरडी ठेवून, मीठ धुऊन काढलं तर शक्य आहे. खर्च कोण करणार, ते हलवाल्यांना विचारा. आणि चढवताना कण्याला आधार कुठे देणार याचं ड्रॉइंग मिळालं तर इथे टाका, बघून सांगतो.

---

हर्णैकर

ड्रॉइंग मिळालं तर मलाही टॅग करा. आमची बोट पावसाळ्याआधी दर वर्षी किनाऱ्यावर ओढतो. कण्याखाली ओंडके कुठे घालायचे यावर दर वर्षी भांडण होतं. हलवाल्यांनी हवं तर आमच्याकडून दोन माणसं न्यावीत, थंडीचे कपडे मात्र त्यांचे.